नटाची एकोणीस वर्षे

इ. स. १९०१ च्या जानेवारीची २२ तारीख. त्या दिवशी इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीचे निधन झाले व त्रेसष्ट वर्षांची एक कारकीर्द संपली. तदनंतर बावीस दिवसांनी, १३ फेब्रुवारी रोजी, आपल्या महाराष्ट्रातील एक नट निवर्तला. त्याच्या वयास अडतीस वर्षेही पुरी झाली नव्हती. राणीच्या मृत्यूचा दुखवटा सरकारी हुकुमाने पाळला गेला; या नटाच्या मृत्यूचा दुखवटा कोणाच्या हुकुमावाचून पाळला गेला. लक्ष्मण बापूजी कोल्हटकर हे त्याचे पाळण्यातले नाव. रंगभूमीच्या इतिहासात तो भाऊराव कोल्हटकर या नावाने नोंदला गेला, आणि प्रेक्षकांनी लाडाने त्यास ‘भावड्या’ म्हटले. ज्या माणसास हजारो परके लोक घरच्या पोरासारखे एकेरी नावाने पुकारतात, त्याच्या आयुष्याची हकीकत घराघरांतून वाचली जावी अशी आमची इच्छा आहे. आणि ती केवळ करमणुकीसाठी नव्हे. आपल्यासारख्या कुटुंबांनी त्या काळी एका प्रश्नाचे उत्तर कसे दिले, अथवा कसे टाळले, हे त्या हकीकतीत दिसते.

प्रश्न असा : ज्याचे गाणे ऐकण्यास आपण रात्रभर जागतो, त्याचा धंदा आपल्या मुलाने पत्करावा काय?

मराठी नाटकाचे आयुष्य आणि राणीची कारकीर्द ही जवळजवळ बरोबरीने चालली. राणी गादीवर बसली १८३७ साली. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. राजाश्रय होता तोवर नाटक राजवाड्याच्या ओसरीवर सुखात नांदले. १८५१ साली आप्पासाहेब वारले, आश्रय तुटला, आणि नाटकास बाहेर पडावे लागले. १८५३ साली भावे यांनी मुंबईस तिकिटे लावून प्रयोग केले. राजा जाऊन त्याच्या जागी तिकीट आले, आणि तिकीट घेणारा एका गावी किती दिवस पुरणार? म्हणून मंडळी गावोगाव हिंडू लागली. फिरता नट हा असा गरजेतून जन्मास आला. तो हौसेने भटक्या झाला नाही. खुद्द भावेही १९०१ च्या ऑगस्टातच निवर्तले. म्हणजे राणी, भाऊराव आणि नाटकाचे जनक ही तिन्ही माणसे एका वर्षात गेली.

या फिरतीस दुसरे बळ मिळाले ते लोहमार्गाचे. मुंबई ते ठाणे हा पहिला मार्ग १८५३ सालचा. भावे यांनी मुंबईत तिकिटे लावली तेच साल. पुढे पुण्यावरून सोलापूरकडे १८६० च्या सुमारास गाडी गेली, १८६४ पर्यंत मुंबई व गुजराथ जोडले गेले, १८६७ साली नागपूर जोडले गेले, आणि १८७८ साली दौंड–मनमाड मार्गाने अहमदनगर जोडले गेले. नाटक मंडळीचा संसार म्हणजे काही खांद्यावरची पडशी नव्हे. पडदे, बांबू, पोशाखांच्या पेट्या, मुकुट, गदा, तंबोरे, तबले, स्वयंपाकाची भांडी आणि चाळीसपन्नास माणसे एवढा लवाजमा बैलगाडीने हलवावयाचा तर महिना वाटेतच जावयाचा. रुळाने तोच लवाजमा एका रात्रीत हाले. म्हणून मोठ्या मंडळ्यांचा मार्ग हा पुष्कळ अंशी आगगाडीचाच मार्ग झाला : पुणे, सोलापूर, मुंबई, बडोदे, इंदूर, नागपूर.

आमच्या बीड जिल्ह्याची गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. त्या काळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. अंबाजोगाईस, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेस, घोडदळाची छावणी होती. परळीस वैजनाथाचे ज्योतिर्लिंग. आणि अंबाजोगाईची योगेश्वरी ही तर कोकणातील अनेक चित्पावन कुळांची कुलदेवता. देवीच्या ओटीसाठी कोकणातून माणसे घाट चढून येत. परंतु सबंध जिल्ह्यात राणीच्या कारकिर्दीत एक हातभरसुद्धा रूळ पडला नाही. १८९७ साली बार्शीची छोटी गाडी सुरू झाली, तेव्हा आमच्या लोकांस रूळ जरा जवळ आला असे वाटले असेल. बीड गावी आगगाडी यावयास तर २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. यामुळे इकडील मनुष्यास किर्लोस्करांचे नाटक पाहावयाचे म्हणजे चार-पाच दिवस गाडीत हाडे खिळखिळी करून घेत नगर, बार्शी वा सोलापूर गाठणे आले. गावात होते ते कीर्तन, भारूड आणि उत्सवातले ललित. दासोपंतांच्या व मुकुंदराजांच्या या भूमीत श्लोक, ओवी, पद यांची उणीव कधीच नव्हती. उणीव होती ती पडद्याची आणि दिव्यांची. आणि असे असताही सौभद्राची पदे आमच्या वाड्यांतून म्हटली जात. कोणी सुनेने माहेराहून आणलेली असत, कोणी कारकुनाने सोलापूरच्या मुक्कामात पाठ केलेली असत. नट जेथे पोहोचला नाही तेथे त्याचे गाणे पोहोचले.

हे गाणे नाटकात आणले अण्णासाहेब किर्लोस्करांनी. बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ सालचा, म्हणजे ‘सीतास्वयंवरा’च्याच वर्षाचा. गुर्लहोसूर हे त्यांचे गाव. त्यांनी काही काळ शिक्षकाचे काम केले, पुढे सरकारी कचेरीत नोकरी धरली. नाटकाचा नाद मात्र पहिल्यापासूनचा. पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ पाहून, गद्य व पद्य यांचा मेळ घालून नटाने स्वतःच गात गात बोलावे असे नाटक मराठीत का होऊ नये, हा विचार त्यांच्या मनाने घेतला. तोवर मराठी नाटकात गाण्याचा भार बहुतेक सूत्रधारावर असे. राक्षसाने गर्जावे, देवाने हात हलवावे आणि पद सूत्रधाराने म्हणावे, ही रीत. अण्णासाहेबांनी ती मोडली. कालिदासाचे शाकुंतल त्यांनी घेतले, त्यात साकी, दिंडी, कीर्तनातल्या व कर्नाटकाकडच्या चाली, लावणीची लय आणि हिंदुस्थानी राग यांची मिळून दोनशेच्या घरात पदे घातली, आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास आनंदोद्भव नाटकगृहात पहिल्या चार अंकांचा प्रयोग केला. मोरोबा वाघोलीकर दुष्यंत, बाळकोबा नाटेकर कण्व, आणि शंकरराव मुजुमदार शकुंतला.

येथे आमच्यासारख्या संस्कृत शिकविणाऱ्यास एक गोष्ट मनापासून नमूद करावीशी वाटते. शाकुंतलाची मराठी भाषांतरे याआधी झालेली होती. परशुरामतात्या गोडबोल्यांसारख्या विद्वानांनी ते काम केले होते. परंतु ती भाषांतरे वाचणार कोण? ज्यास संस्कृत येत होते त्यास मराठी भाषांतराची गरज नव्हती, आणि ज्यांना गरज होती त्या घरातल्या बायकांच्या हाती पुस्तक कोणी देत नव्हते. चौथ्या अंकात मुलगी सासरी निघते तो प्रसंग, ज्यांनी स्वतः दहाव्या-बाराव्या वर्षी माहेर सोडले त्यांच्याइतका कोणास कळणार? शाळेत आम्ही तो अंक व्याकरणासह शिकविला. तो ज्यांच्यासाठी लिहिला गेला असे वाटते त्या श्रोत्यांपर्यंत मात्र तो पोहोचविला तो पंडितांनी नव्हे, नटांनी.

अशा वेळी, १८८२ साली, मंडळी बडोद्यास गेली. सयाजीराव महाराजांच्या हाती नुकताच राज्यकारभार आलेला होता. भाऊरावांचा जन्म बडोद्याचाच, ९ मार्च १८६३ चा. त्या वेळी ते एकोणीस वर्षांचे होते व कचेरीत कारकुनी करीत होते. गळा गोड, उंच आणि धारदार. अण्णासाहेबांनी तो ऐकला आणि हा मुलगा आपल्याला हवा, असे ठरविले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून त्या घराचा विचार करावा. संस्थानातील कचेरीची नोकरी म्हणजे दरमहाचा पगार, गावात मान, लग्नाच्या बाजारात किंमत आणि म्हातारपणी आधार. दुसऱ्या पारड्यात काय? गावोगावची धर्मशाळा, रात्रीचे जागरण, तोंडास रंग, अंगावर लुगडे. आणि ब्राह्मणाच्या मुलाने परस्त्रीच्या वेषात परपुरुषाच्या हाती हात देऊन हजार लोकांपुढे उभे राहणे. नोकरी सोडून जाणाऱ्या मुलास वडीलधारी माणसे काय म्हणत असतील हे सांगावयास नको. भाऊराव गेले. शंकरराव मुजुमदारांनी शकुंतला या नव्या मुलाच्या हाती दिली, आणि पहिली शकुंतला बाजूस होऊन दुसरीस जागा मिळाली. अशी जागा खळखळ न करता देणे हेही मोठ्या मनाचेच लक्षण होय. पुढे याच मुजुमदारांनी अण्णासाहेबांचे चरित्र लिहिले.

त्याच वर्षी, १८ नोव्हेंबर १८८२ रोजी, ‘सौभद्रा’चे पहिले तीन अंक पुण्यास झाले; सबंध पाच अंक पुढील वर्षी. मोरोबा अर्जुन, भाऊराव सुभद्रा. कथा महाभारतातली, दुःख मात्र प्रत्येक घरातले. वडील भावाने ठरविलेले लग्न मुलीस नको आहे, आणि ते सांगावयास तिच्याजवळ तोंड नाही. सुभद्रेस गाणे होते, म्हणून तिला तोंड मिळाले. आमच्या आज्या-पणज्यांना ही पदे का पाठ होती, याचे कारण केवळ चालींच्या गोडीत शोधू नये. जे स्वतः बोलता येत नव्हते ते जात्यावर, झोपाळ्यावर सुभद्रेच्या नावाने म्हणता येत होते.

१८८४ साली ‘रामराज्यवियोग’ आले. त्यात भाऊरावांनी मंथरा केली. शकुंतला आणि सुभद्रा यांच्या रूपाने ज्यास प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले, त्याने कुबड बांधून कपटी दासीचे सोंग घ्यावे, हे धाडस लहान नव्हे. केवळ रूपावर आणि गळ्यावर जगणारा नट असे करीत नाही. परंतु हे नाटक तीन अंकांवरच थांबले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी अण्णासाहेब गुर्लहोसुरास निवर्तले. वय अवघे बेचाळीस. मंडळीचा नाटककार, तालीम-मास्तर आणि कर्ता पुरुष एकाच दिवशी गेला. मागे राहिली ती पदे, पडदे आणि पन्नास माणसांची पंगत. तेव्हा बावीस वर्षांच्या भाऊरावांच्या गळ्यावर त्या पंगतीचा पुष्कळसा भार आला, असे म्हटले तर वावगे होणार नाही. लोक तिकीट काढीत ते भावड्यासाठी.

हा भार कसा होता हे आजच्या ध्वनिवर्धकाच्या काळात नीट ध्यानात येत नाही. नाटक रात्री नऊ-दहाला उभे राही व पुष्कळदा पहाटेपर्यंत चाले. दिवे तेलाचे; त्यांचा धूर नटाच्या घशात. नाटकगृह म्हणजे कोठे पत्र्याचा मांडव, कोठे वाड्याचा चौक. शेवटच्या रांगेतल्या, चार आणे टाकून बसलेल्या माणसापर्यंत शब्द न् शब्द पोहोचला पाहिजे, आणि तोही सुरात. पद रंगले की ‘वन्स मोअर’ची आरोळी उठे. ही आरोळी म्हणजे नटाचा सन्मान खरा, पण त्या सन्मानाची किंमत गळ्याने मोजावी लागे. एक पद दोनदा, तीनदा म्हणावयाचे आणि पुढे दोन अंक बाकी. सकाळी निजावयाचे, दुपारी पंगत, तिसऱ्या प्रहरी तालीम, आणि मुक्काम संपला की पेट्या भरून स्टेशन. व्यवस्थापक चार दिवस आधी पुढल्या गावी जाऊन जागा ठरवी, जाहिराती वाटी, गावातल्या चार प्रतिष्ठितांस भेटून येई. स्त्रियांची बसण्याची जागा वेगळी राखावी लागे, कारण घरंदाज बायका आल्या की नाटकास प्रतिष्ठा आली असे समजत. अशी एकोणीस वर्षे!

पदांच्या पलीकडचीही कामे भाऊरावांनी केली. गोविंद बल्लाळ देवलांनी शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले, बाणाच्या कादंबरीवरून ‘शापसंभ्रम’ लिहिले. किर्लोस्कर मंडळीने ही नाटके केली. पण स्त्रीवेष करणाऱ्या नटापुढे एक अडचण अटळपणे उभी राहते. शकुंतला सदैव सोळा वर्षांची; नट मात्र दरवर्षी एक वर्षाने वाढतो. तिशी उलटली, अंग भरले, की आरसा खोटे बोलत नाही. पुष्कळ नट येथे संपतात. भाऊराव संपले नाहीत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ १८९६ साली मंडळीने रंगभूमीवर आणले. चाली नव्या, थाट नवा, आणि त्यात भाऊराव शूरसेन झाले, पुरुषवेषात. ज्या लोकांनी चौदा वर्षे त्यांना लुगड्यात पाहिले होते त्यांनी त्यांस तलवारीसह मान्य केले. स्वतःची घडलेली प्रतिमा स्वतः मोडून पुन्हा उभे राहणे यास आम्ही गाण्याहूनही मोठा गुण समजतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नटास समाजाने कोठे बसविले होते?

आपल्या शास्त्रांचे मत याविषयी एकसारखे नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्यास पाचवा वेद म्हटले आहे. चारही वर्णांस जो ऐकता येईल असा वेद. परंतु त्याच ग्रंथाच्या अखेरीस अशीही कथा आहे की, भरतपुत्रांनी प्रहसनात ऋषींची टवाळी केली, ऋषी संतापले, आणि तुमचा वंश शूद्र होईल असा त्यांनी शाप दिला. नंतर नहुषाच्या विनंतीवरून भरताने आपले पुत्र पृथ्वीवर पाठविले व नाट्य भूलोकी आले. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ज्यांचे अन्न घेऊ नये त्यांची यादी आहे. तीत नटही आहे. म्हणजे वेदही नाट्यच, आणि शापही नाट्यासच. आपल्या घरांनी हा विरोध मोठ्या सोयीने सोडविला : नाटकास वेदाचा मान दिला आणि नटास शापाचा वाटा दिला. रात्री ‘वन्स मोअर’, सकाळी ‘नाटक्या’.

हे आपल्याकडेच होते असेही नाही. इंग्लंडात शेक्सपिअरच्या पूर्वीपासून फिरत्या नटाची गणना कायद्याने भटक्या-उनाडांत होत असे, मोठ्या माणसाचा आश्रय असल्यासच त्याची सुटका. परंतु १८९५ साली, म्हणजे भाऊराव शूरसेन झाले त्याच्या आदल्याच वर्षी, व्हिक्टोरिया राणीने हेन्री आयर्व्हिंग या नटास ‘सर’ हा किताब दिला. हा मान मिळालेला तो पहिला नट. तोही आयुष्यभर हिंडला, आणि १९०५ साली ब्रॅडफर्ड गावी दौऱ्यावर असतानाच, प्रयोग आटोपून मुक्कामी परतल्यावर मेला. त्याच्या अस्थिरक्षेस वेस्टमिन्स्टर ॲबेत, राजे आणि कवी यांच्या शेजारी, जागा मिळाली. एकाच राणीचे दोन प्रजाजन, एकाच धंद्यातले. एकास दरबारात गुडघा टेकून सरदारकी मिळाली, दुसऱ्यास प्रेक्षकांकडून ‘भावड्या’ हे नाव मिळाले. कोणते मोठे हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु किताबामुळे इंग्लंडातल्या सभ्य घरांचा दरवाजा नटासाठी उघडला हे खरे, आणि प्रेमामुळे आपल्याकडचा उघडला नाही हेही खरे.

तथापि वडीलधाऱ्यांची भीती केवळ सोवळ्याओवळ्याची होती असे म्हणून त्यांस हसणे न्यायाचे होणार नाही. ती पोटाचीही होती. अण्णासाहेब बेचाळिसाव्या वर्षी गेले, भाऊराव अडतीस पुरे होण्याच्या आत. नटास निवृत्तिवेतन नाही. गळा बसला की मिळकत बसली. जागरण, बाहेरचे अन्नपाणी, पैशाचा अनियमित ओघ आणि त्यासोबत येणारी व्यसने, हे सारे डोळ्यांसमोर होते. पुढील पिढीत बालगंधर्वांसारखा नट झाला. त्यांचा जन्म १८८८ चा. १९०५ साली ते याच किर्लोस्कर मंडळीत शकुंतला म्हणून उभे राहिले. महाराष्ट्राने त्यांच्यावर फुले उधळली. पण कर्जाने त्यांची पाठ सोडली नाही. तेव्हा मुलाने नट होऊ नये असे म्हणणारा बाप क्रूर होता असे नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. भीती खरी असली तरी तिच्यावर उपाय दोन असतात : एक मुलास अडविण्याचा, दुसरा त्यास सावरण्याचा. आपल्या घरांनी बहुतेक वेळा पहिला केला, आणि तो न चालल्यास मुलाशी संबंध सोडला. संबंध सुटलेला मुलगाच व्यसनास, कर्जास आणि लबाड भागीदारास लवकर बळी पडतो. मग तो बळी पडला की, ‘पाहा, आम्ही म्हणत नव्हतो?’ असे म्हणावयास आपण मोकळे. ज्या आपत्तीचे भविष्य आपण वर्तविले तिच्यात आपलाही हात असतो, ही गोष्ट मनास टोचणारी आहे. पण विचारात घेतलीच पाहिजे.

भाऊरावांच्या मृत्यूनंतर आणखी एक हानी झाली, जी त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नसेल. हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीने तबकड्यांसाठी पहिले ध्वनिमुद्रण केले ते कलकत्त्यास, १९०२ च्या नोव्हेंबरात. म्हणजे भाऊराव गेल्यावर एकवीस महिन्यांनी. बालगंधर्वांचा गळा तबकडीवर चढला व शंभर वर्षांनंतरही तो घरोघर ऐकला जातो. भाऊरावांस तबकडीच्या युगाने गाठले नाही. त्यांचे गाणे राहिले ते ऐकणाऱ्यांच्या सांगण्यात, आणि ज्यांनी त्यांच्या मागे ती पदे गायली त्यांच्या नकलेत. ‘भावड्याचे ऐकलेत काय?’ हा प्रश्न विचारणारे म्हातारे एके काळी प्रत्येक गावी असत. पुढे तेही गेले. एवढ्या मोठ्या कीर्तीचा आधार शेवटी काय, तर कोणा घरी जेवणानंतर आजोबांनी नातवंडांस सांगितलेली आठवण. आणि ती आठवण टिकविण्याचे काम नाटकगृहाचे नव्हते, सरकारचे नव्हते. ते आपल्या कुटुंबांचे होते. ते आपण कितीसे केले?

त्या बाबतीत आजही काही करता येण्याजोगे आहे. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, पत्र्याच्या पेट्यांत, पदांच्या छापील चोपड्या, नाटकांची हस्तपत्रके, जमाखर्चाच्या वहीत ‘नाटकास गेलो’ म्हणून टाकलेल्या दोन-तीन आण्यांच्या नोंदी सापडतात. अशा वह्या रद्दीत जातात तेव्हा कोणास वाईट वाटत नाही. आमची विनंती अशी की, त्या टाकण्यापूर्वी एकदा उघडून पाहाव्यात, आणि घरातली वयाने मोठी स्त्री एखादे जुने पद गुणगुणत असेल तर तिच्यापाशी बसून ते उतरून घ्यावे. चाल कोणाकडून आली तेही विचारावे. आमच्या बीडसारख्या, रुळापासून दूर राहिलेल्या मुलखात हे काम अधिकच अगत्याचे आहे, कारण येथे नट कमी आला आणि त्याचे गाणे सांभाळले ते घरांनीच.

आणि ज्या घरात एखादा मुलगा वा मुलगी गात असेल, नकला करीत असेल, आरशापुढे उभे राहून कोणाची तरी भाषणे म्हणत असेल, त्या घराने एवढे करावे : त्याचा अभ्यास सुटू देऊ नये, हिशेब लिहावयास शिकवावे, करारावर सही करण्यापूर्वी तो वाचावयास शिकवावे, आणि दिवाळीस तो कोठल्याही गावी मुक्कामास असला तरी त्याच्या वाटणीचा फराळ धाडावा. एकोणिसाव्या वर्षी बडोद्याच्या कचेरीतून उठून निघालेल्या तरुणास याहून अधिक काय पाहिजे होते? कचेरीत राहते तर भाऊराव कदाचित साठ वर्षे जगते. आणि सुभद्रेचे मन आमच्या आज्यांना दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून, केव्हा तरी उशिरा, कळते. या दोहोंत कोणता हिशेब नफ्याचा हे बापाने एकट्याने ठरवू नये. तो हिशेब मुलासमवेत बसून करावा, आणि मुलगा निघालाच तर त्यास दारापर्यंत पोहोचवावयास जावे.